न सांगता दिलेली पुडी

एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चोवीस उंदीर होते. पांढरे, लाल डोळ्यांचे. हातात घेतले की आधी बोटं हुंगायचे आणि मग तळहातावर गप्प बसायचे. गोंदियातल्या आमच्या कॉलेजच्या मागे पत्र्याच्या छताची एक खोली होती, तिथे त्यांचे पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या उलट्या अडकवलेल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल. रोज सकाळी बाटल्या काढायच्या, कुठली किती रिकामी झाली ते मोजायचं, पुन्हा भरायच्या आणि जागा बदलून लावायच्या. जागा बदलली नाही तर उंदीर चव सोडून नुसती बाजू लक्षात ठेवतो.

पहिल्या आठवड्यात ते अल्कोहोल हुंगून मागे सरायचे. महिनाभरात बहुतेकांची पाण्याची बाटली तशीच राहू लागली. मी खोलीत शिरले की पिंजऱ्याच्या कडेला येऊन उभे राहायचे. मला वाटायचं मला ओळखतात. सर एकदा म्हणाले, "तुला नाही, बाटलीला ओळखतात."

सर माझे गाईड. त्यांचा सगळा जीव मेंदूतल्या रिसेप्टरांमध्ये होता. दारू पोटात गेली की मेंदू स्वतःच अफूच्या जातीचं एक रसायन सोडतो. ते पेशींवरच्या ठराविक जागांवर जाऊन बसतं आणि त्यातून बरं वाटतं. ती जागा म्हणजे रिसेप्टर. आमचं औषध, नॅलट्रेक्झोन, आधीच जाऊन त्या जागा अडवतं. मग उंदीर दारू प्यायला तरी त्याला त्यातून मिळायचं ते मिळत नाही, आणि हळूहळू तो कमी पितो. माझ्या प्रबंधाचा विषय एवढाच होता.

औषध सुरू केलं त्या आठवड्यात अल्कोहोलच्या बाटल्या जवळपास भरलेल्या सापडू लागल्या. मी आनंदाने सरांच्या केबिनपर्यंत धावत गेले. त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "आता औषध बंद करून बघ." बंद केलं. दहा दिवसांत सगळे पूर्ववत झाले. दोन-तीन तर आधीपेक्षा जास्त पिऊ लागले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी भावाला आणि वहिनीला फक्त औषधाच्या पहिल्या आठवड्याची गोष्ट सांगितली.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे. आम्ही पोवार समाजाचे. धानाची शेती, चार एकर भावाच्या हाताखाली. माय मी लहान असतानाच गेली, आणि बाबा माझ्या बारावीच्या वर्षी. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कॉलेजात नाव घालायला तो माझ्यासोबत आला होता. चपला दाराबाहेर काढून ऑफिसात शिरला आणि कारकून हसला तर म्हणाला, "विद्येची जागा होय ना, साहेब." मला तेव्हा लाज वाटली होती. त्या लाजेची लाज मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिली.

त्याचं पिणं बाबा गेल्यानंतर वाढलं. मोहाची दारू गावात मिळतेच. आधी संध्याकाळी, मग दुपारीही. कोणाला मारझोड नाही, शिवीगाळ नाही. नुसता गप्प होत जायचा. त्या दिवाळीच्या दीड वर्ष आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून त्याच्या कमरेला मार लागला, तेव्हापासून तो जास्तच गप्प झाला होता.

मी उंदरांचं सांगितलं तेव्हा तो हसला. "उंदीर बी पेते? त्याले कोनतं टेन्शन आहे?"

वहिनी हसली नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तिने मला विहिरीजवळ बोलावलं.

"बाई, तुमी म्हनल्या ना, दवाईनं उंदराची दारू सुटली?"

"सुटली नाही, वहिनी. कमी झाली."

"कमी झाली तरी चालते मले." राखेने माखलेले हात तिने तसेच समोर धरले होते. "त्यायले दवाखान्याचं नाव काढलं का दोन दोन दिवस जेवत नाई. गोरेगावच्या बाजारातून मी एकाकडून पुडी आनली होती, न सांगता भाजीत टाकायची. काई नाई झालं. तो तर नुसता खडूचा चुरा असंन. तुमची दवाई तर खरी हाय ना?"

"तसं नाही देता येत, वहिनी. उंदरांसाठीचं औषध आहे ते."

"मानसाले चालत नाई का?"

मी इथेच खोटं बोलायला हवं होतं. पण मी खरं सांगितलं. म्हणाले, "माणसालाही हेच देतात. डॉक्टर तपासून गोळी देतात."

"मंग?" ती म्हणाली. "डॉक्टर तर तुमीच होऊन राह्यल्या ना."

मी डॉक्टर होणारच नव्हते, औषधं कशी काम करतात एवढंच शिकत होते. पण त्या घरात माझ्याइतकं शिकलेलं कोणी नव्हतं, आणि वहिनी ज्या नजरेनं पाहत होती त्या नजरेसमोर नाही म्हणणं मला जमलं नाही. आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी बराच काळ कोणाला सांगितली नाही. मला स्वतःलाही बघायचं होतं. चोवीस उंदरांच्या बाटल्या मोजून मोजून मला वाटू लागलं होतं की हे औषध माझ्या हातातलं आहे.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, मी लॅबच्या कपाटातल्या बाटलीतून पांढरी पावडर काढली. तराजूवर मोजली, बटर पेपरमध्ये बांधली. माणसाला किती देतात ते पुस्तकात दोनदा बघितलं. पुस्तकात त्याच पानावर लिहिलं होतं, अफूच्या जातीचं कुठलंही औषध घेणाऱ्याला हे देऊ नये. हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या प्रबंधातही उतरवलं होतं. वाचताना मनात आलं, आमच्या गावात कुठून येणार अफू. आणि मी पुस्तक मिटलं.

रविवारी सकाळी पहिल्या बसने घरी पोचले. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी झाली होती, भारी धान अजून उभं होतं. भाऊ अंगणात विळ्यांना धार लावत बसला होता. मला बघून म्हणाला, "अचानक काऊन आली?"

"असंच. तुमची आठवण आली."

वहिनीने चहा ठेवला. मी पुडी तिच्या हातात दिली नाही, स्वतःच कपात टाकली. एवढं तरी मी केलं. पावडर फार कडू असते हे मला माहीत होतं, म्हणून साखर जास्त घातली.

भाऊने दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. "चहा काऊन कडू लागून राह्यला?"

"अद्रक जास्त पडलं असंन," वहिनी पटकन म्हणाली.

त्याने सगळा कप संपवला. तो असाच होता, ताटात आणि कपात काही टाकायचा नाही.

अर्धा तास काही झालं नाही. मग तो जांभया देऊ लागला. एकामागून एक, जबडा दुखेल अशा. नाकातून पाणी सुरू झालं. मला वाटलं सर्दी. तो उठून आत जायला निघाला आणि दाराच्या चौकटीला धरून थांबला. मी जवळ गेले तर त्याच्या हातांवर काटा उभा राहिलेला. दहाचं ऊन अंगावर पडत होतं आणि तो थंडी वाजल्यासारखा मानेपासून खाली थरथरत होता.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर आमच्याच वर्गातला एक मित्र मॉर्फिनवर काम करायचा. त्याच्या उंदरांना आधी काही दिवस मॉर्फिन द्यायचे, आणि मग एका सकाळी अडवणारं औषध टोचायचे. पाच मिनिटांत ते उंदीर काचेच्या नळकांड्यात उड्या मारायला लागायचे, दात वाजवायचे, ओल्या कुत्र्यासारखं सगळं अंग झटकायचे. तो कागदावर रेघा ओढत एकेक झटका मोजायचा. कधी त्याचा हात दुखला तर मी मोजून द्यायची.

भावाचं अंग तसंच झटकत होतं.

"भाऊ, तू कमरेसाठी काही खातोस का? गोळ्या? कॅप्सूल?"

तो मोरीकडे धावला आणि ओकला. पुन्हा ओकला. पोट धरून तिथेच खाली बसला.

"भाऊ, सांग मले. काय खातोस?"

"कमरेच्या," तो दात वाजत असताना म्हणाला. "ट्रॉलीवरून पडलो ना... तेव्हाच्या."

"दीड वर्षापासून?"

"नाई खाल्ल्या का उठवत नाई."

वहिनी खोलीतून त्याची पिशवी घेऊन आली. बियाण्याच्या पाकिटांखाली कॅप्सूलच्या पट्ट्या होत्या, रबर लावून बांधलेल्या. ट्रॅमाडॉल. आमगावच्या एका डॉक्टरने पडला तेव्हा पंधरा दिवसांसाठी लिहून दिल्या होत्या. नंतर तो त्याच चिठ्ठीवर आणत राहिला. वहिनीला त्या कमरेच्या गोळ्या म्हणून माहीत होत्या, एवढंच. दारू सगळ्यांना दिसत होती, तिचा वास यायचा. या कॅप्सूलना वास नव्हता.

त्या अफूच्याच जातीच्या. गेलं दीड वर्ष त्या ज्या जागांवर बसलेल्या होत्या, तिथून मी त्यांना एका कपाने ढकलून दिलं होतं.

शेजारच्या काकांची गाडी होती. भावाला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं वहिनीच्या मांडीवर. गोंदियापर्यंतचा रस्ता मला आजही पाठ आहे, कारण दर दोन मैलांवर गाडी थांबवून त्याला बाहेर काढावं लागत होतं. तो एकसारखा विचारत होता, "मले काय होऊन राह्यलं? मी मरून राह्यलो का?" मला उत्तर माहीत होतं आणि मी ते देत नव्हते. पुढच्या सीटवर बसून मी नुसतं "पोचलोच, भाऊ" म्हणत होते.

दवाखान्याच्या दारात वहिनीने माझं मनगट धरलं. "बाई, सांगू नोका. ते मले ठेवायचे नाई घरी."

आत तरुण डॉक्टरने भावाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी बघितली आणि विचारलं, "क्या खाया है इन्होंने? सुबह से क्या-क्या दिया?"

"नॅलट्रेक्झोन," मी म्हणाले. "मी दिलं. ते ट्रॅमाडॉलवर आहेत हे मला माहीत नव्हतं."

डॉक्टरने माझ्याकडे मान वळवली. "आपको कहाँ से मिला?"

"लॅबमधून. मी उंदरांवर काम करते."

त्याने नर्सला सलाईन लावायला सांगितलं. इंजेक्शनं लिहिली. झटके येऊ शकतात, लक्ष ठेवायला सांगितलं. जाताना मला मराठीत म्हणाला, "हे औषध अंगातून जायला वेळ लागतो. तोपर्यंत सहन करावं लागेल. त्यांना." शेवटचा शब्द त्याने वेगळा उच्चारला.

दोन दिवस लागले. पहिला दिवस भाऊ पाय आपटत होता, चादर ओढत होता, पांघरत होता, फेकत होता. माझा मित्र ज्याच्या रेघा ओढायचा ते सगळं मी पलंगाशेजारी स्टुलावर बसून बघितलं. वहिनी त्याचे पाय दाबत होती. मी हात लावायला गेले तर तो पाय ओढून घेई, पण त्याला अजून काही माहीत नव्हतं, दुखत होतं म्हणून ओढत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शांत झाला. थोडी पेज प्यायला. मग मी सगळं सांगितलं. वहिनीचं नाव घेतलं नाही. पण ती मध्येच म्हणाली, "मीच मांगितली होती बाईले." आणि पदराने तोंड झाकून रडू लागली.

भाऊने मान तिच्याकडे वळवली. मला वाटलं तिच्यावर चिडेल. तो तिला म्हणाला, "तू रडू नोको." मग माझ्याकडे वळला.

"तिले काय समजते. तुले समजत होतं."

"हो, भाऊ."

"मी तुया उंदीर होय का?"

मी उरलेल्या पेजेची वाटी उचलून बाजूला ठेवली.

"विचारलं असतं," तो म्हणाला. "एक डाव विचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी, कमरेच्या गोळ्या खातो म्हनून? चोरून थोडी खात होतो. कोनी विचारलंच नाई."

हे खरं होतं. पिण्यावरून आम्ही त्याच्याशी बोललो होतो, रागावलो होतो, त्याच्यासाठी देवळात नारळ फोडले होते. कंबर कशी आहे, हे पडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यानंतर कोणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी मी सरांना जाऊन सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, भाऊ कसा आहे ते विचारलं, मग कपाटाची किल्ली मागितली. "हे मला वर कळवावं लागेल," ते म्हणाले. कळवलं. सहा महिने मला लॅबमध्ये प्रवेश नव्हता. माझे उंदीर मित्राने सांभाळले. परत आले तेव्हा प्रयोगाचा शेवटचा भाग उरला होता, मेंदू काढून तपासण्याचा. त्यासाठी उंदीर मारावे लागतात. हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कागदावर मीच सही केली होती. तरी त्या आठवड्यात मी जेवू शकत नव्हते. काही जण तेव्हाही हातावर आले की शांत बसत. मी काम पूर्ण केलं. पदवी मिळाली. प्रबंधात भावाबद्दल एक ओळही नाही, असायचं कारणही नव्हतं.

भाऊ पुढे मानसोपचाराच्या ओपीडीत गेला, पण माझ्यासोबत नाही. वहिनीला घेऊन, मोटरसायकलवर. त्या एका सकाळनंतर कॅप्सूल सुटल्या असतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. दवाखान्यातून घरी गेल्यावर चौथ्याच दिवशी त्याने पुन्हा घेतली होती, हे वहिनीने फोनवर सांगितलं. कमरेचं दुखणं खरं होतं. डॉक्टरांनी त्या हळूहळू कमी करत आणल्या, कमरेसाठी व्यायाम दिला, दुसरं औषध दिलं. साताठ महिने गेले. दारू मात्र चालूच होती.

त्या काळात तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. घरी गेले की जेवायला वाढलं का एवढं विचारायचा. माझ्या हातचा चहा त्याने बंद केला. वहिनी कप भरायची तेव्हाही तो मी कुठे उभी आहे हे बघायचा. हे तो मुद्दाम करत नसावा. मला ते जास्त लागायचं.

कॅप्सूल पूर्ण सुटल्यावर त्याच डॉक्टरांनी त्याला दारूसाठी नॅलट्रेक्झोन सुचवलं. गोळीच्या रूपात, रक्त तपासून, सगळं समजावून. नाव ऐकल्यावर भाऊ डॉक्टरला म्हणाला म्हणे, "हे मले माहीत आहे. माया बहिनीनं दिलं होतं." आणि घ्यायला तयार झाला. वहिनीने हे मला सांगितलं तेव्हा मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून राहिले. तोवर मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवू लागले होते, पायऱ्यांवरून मुलं जात-येत होती, मॅडम बरं वाटतं ना, विचारत होती.

गोळीने त्याचं पिणं कमी झालं. मध्ये त्याने दोनदा गोळी सोडली, दोनदा पुन्हा सुरू केली. सोडली की महिन्याभरात पिणं वाढायचं. माझ्या उंदरांसारखंच, असं मनात यायचं आणि मी तो विचार तिथेच तोडायची. उंदराला गोळी सोडायची की नाही हे मी ठरवत होते. हा स्वतः ठरवत होता, स्वतः चुकत होता, स्वतः परत येत होता.

यंदा मळणी चालू असताना मी गावी गेले होते. दुपारी तो बांधावर बसला होता. मी जरा लांब बसले. मशीनचा आवाज थांबल्यावर तोच बोलला.

"बाई, एक विचारू का?"

"विचार ना."

"ह्या गोळीनं दुसरं बी कमी होते का? म्हनजे... पोरगी पहिली आली शाळेत. समदे नाचून राह्यले. मले बरं वाटलं, पन आत गेलं नाई. यंदा धान चांगलं झालं. तरी मन भरत नाई. हे गोळीमुळं होय का मीच असा झालो?"

औषध ज्या जागा अडवतं तिथे फक्त दारूचं सुख येऊन बसत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण कितीतरी महिने मी चोवीस जिवांच्या फक्त बाटल्या मोजल्या होत्या. त्यांना खाणं पूर्वीसारखं गोड लागतं का, एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपताना बरं वाटतं का, हे मी कधी बघितलं नव्हतं.

"माहीत नाही, भाऊ," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही. वाचून सांगते. पण डॉक्टरला पण विचार. गोळी मनानं सोडू नको."

"सोडत नाई," तो म्हणाला. "म्हनून तर विचारून राह्यलो."

परत आल्यावर मी जे सापडलं ते वाचलं, सरांनाही फोन केला. काहींना तसं वाटतं, बऱ्याच जणांना नाही. आणि पिणं सुटल्यावर काही काळ मन कोरडं वाटणं गोळीशिवायही होतं. रविवारी सकाळी मी भावाला फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं, काही गोड न करता.

"म्हनजे तुले बी पक्कं माहीत नाई," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "मंगळवारी डॉक्टरकडं जाऊन राह्यलो. तू येतेस का संगं?"

मी कॉलेजात रजेचा अर्ज दिला आहे.